ट्रायलच्या कागदावर सही कुणाची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. जिंतूर तालुक्यातल्या एका मुलाच्या वडिलांचं, वय 56, गेल्या वर्षी गालाच्या आतल्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. पाठोपाठ शेकही (रेडिएशन) झाले. आता मानेत पुन्हा गाठ आलीय. संभाजीनगरच्या डॉक्टरांचं म्हणणं, पुन्हा ऑपरेशन होण्यासारखं नाही, मुंबईत एका नव्या इंजेक्शनची ट्रायल चालू आहे, बसत असतील तर दाखवून या. घरात दोन तट पडलेत. मामा म्हणतात, मोठं हॉस्पिटल, औषध फुकट, सोडू नका. चुलते म्हणतात, "आपल्या माणसावर प्रयोग करायलेत, उंदीर समजलेत का?" मुलाने विचारलंय, ट्रायल घ्यावी की नाही. आणि जाता जाता शेवटी एक ओळ लिहिलीय: "बाबांना कॅन्सर आहे हे अजून सांगितलेलं नाही, त्यांना नुसती गाठ एवढंच माहीत आहे."

भाऊ, तुमचा खरा प्रश्न त्या शेवटच्या ओळीत आहे. तिच्याकडे येतेच. आधी बाकीचं.

मी डॉक्टर नाही. कॅन्सर वॉर्डात सिस्टर होते, नंतर सोळा वर्षं क्लिनिकल ट्रायलची को-ऑर्डिनेटर. म्हणजे संमतीचे कागद समजावून सांगणं, तारखा सांभाळणं, रक्ताच्या नळ्या पाठवणं आणि रात्री-अपरात्री नातेवाइकांचे फोन घेणं. लातूर, नांदेड, बीडकडचे पेशंट भाषेमुळे माझ्याच टेबलापाशी यायचे. आता एका एथिक्स कमिटीवर, म्हणजे ट्रायलला परवानगी द्यायची की नाही ते ठरवणाऱ्या समितीवर, बसते. तेव्हा औषध कोणतं चांगलं ते मी सांगणार नाही. ट्रायल घेताना माणसं कुठे अडकतात, एवढं सांगू शकते.

मामा आणि चुलते, दोघंही अर्धं बरोबर आहेत. प्रयोग आहे, हे चुलत्यांचं म्हणणं खरंच आहे. एखादा उपचार आधीच्यापेक्षा चांगला आहे हे नक्की ठाऊक असतं तर ट्रायल करावीच लागली नसती. मामांना "नवीन म्हणजे चांगलं" असं वाटतं, तिथे मी थांबवीन. 1990 च्या दशकात अमेरिकेत स्तनाच्या कॅन्सरच्या हजारो बायकांना केमोचा प्रचंड डोस आणि वर बोनमॅरो ट्रान्सप्लांट असा उपचार दिला गेला. डॉक्टरांचा विश्वास, पेशंटची मागणी, विमा कंपन्यांशी कोर्टकज्जे, सगळं झालं. 1999 पासून नीट तुलना केलेल्या ट्रायलचे निकाल येऊ लागले, तेव्हा कळलं की साध्या केमोपेक्षा आयुष्य काही वाढत नव्हतं. त्रास मात्र कितीतरी जास्त होता.

आणि उलटंही घडतं. तुमच्या वडिलांच्याच आजाराचं उदाहरण घ्या. टाटा हॉस्पिटलने तोंडाच्या-घशाच्या परत आलेल्या किंवा पसरलेल्या कॅन्सरवर एक ट्रायल केली, तिचा निकाल 2023 मध्ये छापून आला. 151 पेशंट. अर्ध्यांना तोंडाने घ्यायच्या तीन स्वस्त गोळ्या, अर्ध्यांना त्याच गोळ्या आणि सोबत निवोलुमॅब हे महागडं इंजेक्शन, पण फक्त 20 मिलिग्रॅम, तीन आठवड्यांतून एकदा. नेहमीचा डोस 240 मिलिग्रॅम आणि तोही दर दोन आठवड्यांनी, म्हणजे हा दहाव्या हिश्शाहूनही कमी. नुसत्या गोळ्यांवर वर्षभराने 16.3 टक्के पेशंट हयात होते, इंजेक्शनवाल्यांत 43.4 टक्के. गरिबाला परवडेल असा डोस चालतो का, हा प्रश्न कुठली कंपनी कशाला विचारेल? तो आपल्याकडच्या डॉक्टरांनी विचारला आणि आपल्याकडच्या पेशंटांनी त्याला उत्तर मिळवून दिलं.

आता या आकड्यांकडे दुसऱ्या बाजूनेही बघा. ज्यांच्या वाट्याला नुसत्या गोळ्या आल्या, ते कुणाच्या तरी घरचेच होते. गट कोणता हे ना डॉक्टर ठरवतात, ना वशिला. कॉम्प्युटर ठरवतो. संमतीपत्राच्या मराठी तर्जुम्यात याला "यादृच्छिकीकरण" असा शब्द असतो, तो मी आजवर एकाही पेशंटला वाचून दाखवलेला नाही. मी म्हणायची, चिठ्ठी टाकतात. सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत असते ना, तशी. हे लगेच कळायचं. आणि लगेच पुढचा प्रश्न यायचा, "मग आमची चिठ्ठी जुन्या औषधाची निघाली तर?"

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. धाराशिव जिल्ह्यात 1999 साली गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीची एक प्रचंड मोठी ट्रायल सुरू झाली. बार्शीचं नर्गिस दत्त हॉस्पिटल, टाटा आणि जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था यांनी मिळून केलेली. 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बायका, गावांचे 52 गट. तीन प्रकारच्या गटांत तीन वेगवेगळ्या तपासण्या, चौथ्या प्रकारात तपासणी नाही, नेहमीचे जे उपचार उपलब्ध असतील ते आणि माहिती. एचपीव्हीची, म्हणजे हा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूची, तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरने 34 मृत्यू झाले, तपासणी नसलेल्या गटात 64. एकदाच केलेल्या तपासणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात हे जगाला आपल्या भूम-परंड्याकडच्या बायकांमुळे कळलं. आणि तपासणीचा उपयोग होतो हे दुसऱ्या पद्धतींबद्दल आधीच माहीत असताना चौथ्या गटाला काहीच का दिलं नाही, अशी टीकाही पुढे बरीच झाली. मला ती पटते. माझी आत्या धाराशिवचीच आहे, त्यामुळे असेल कदाचित. तेव्हापासून कमिटीसमोर कुठलाही प्रस्ताव आला की मी पहिलं पान उघडत नाही, "दुसऱ्या गटाला काय मिळणार" ते पान शोधते.

तुम्हीही तेच करा. मुंबईच्या डॉक्टरांना विचारा, "चिठ्ठी दुसरी निघाली तर बाबांना काय देणार? आणि आम्ही ट्रायल घेतलीच नाही तर आज इथेच काय देणार?" दोन्ही उत्तरं सारखी आली, तर चिठ्ठी कुठलीही निघो, आज मिळतंय त्याहून कमी काही पदरात पडणार नाही, तपासण्या उलट जास्तच होतील. दुसऱ्या गटाला नेहमीच्या उपचारापेक्षा कमी मिळणार असेल तर उठून या. "डमी औषध देतात" ही भीती लोकांना असते. कॅन्सरच्या ट्रायलमध्ये शक्यतो नेहमीचा उपचार सगळ्यांनाच देतात आणि त्यावर एका गटाला नवं औषध, दुसऱ्याला डमी. नुसत्या डमीवर ठेवायचं तर आजारावर दुसरा चालणारा इलाजच नसावा लागतो. तरी विचाराच.

फेज, म्हणजे ट्रायलचा टप्पा, कोणती, हे तुम्ही लिहिलेलं नाही. तिथे सगळं उत्तर बदलतं. फेज एक म्हणजे औषधाचा किती डोस माणसाला झेपतो ते बघणं. थोडे पेशंट, वारंवार रक्त, वारंवार मुक्काम. त्यातून आजार आटोक्यात आला तर आनंदच, पण ती ट्रायल त्यासाठी आखलेलीच नसते. फेज तीन म्हणजे औषध बऱ्यापैकी पुढे आलेलं, शेकडो पेशंट, नेहमीच्या उपचाराशी सरळ तुलना. फेज तीन असेल, वडील चालते-फिरते असतील आणि तुमच्याकडे सोबत जायला माणूस असेल, तर माझा कल "जा" म्हणण्याकडे आहे. फेज एक असेल आणि अजून एखादा नेहमीचा उपचार शिल्लक असेल, तर तो आधी का नको, हे डॉक्टरांकडून मी अगदी खोदून विचारून घेईन.

खर्चाचं पटकन सांगते. ट्रायलचं औषध आणि ट्रायलसाठीच्या तपासण्या फुकट असतात. सोबतचं नेहमीचं औषध कोण देणार, महात्मा फुले योजनेतून की स्पॉन्सरकडून (ट्रायल चालवणारी कंपनी किंवा संस्था), ते विचारा. येण्या-जाण्याचं भाडं बहुतेक ठिकाणी मिळतं, सोबतच्याचं मिळेलच असं नाही, बुडालेली रोजी तर क्वचितच. रेल्वेत कॅन्सरच्या पेशंटला आणि सोबतच्या एकाला मोठी सवलत असते, त्याचा फॉर्म हॉस्पिटलातून भरून घ्या. दादरला गाडगे महाराज धर्मशाळा आहे, जागा मिळाली तर फार आधार होतो. आणखी एक आतली गोष्ट. कंपनीच्या ट्रायलमध्ये दर पेशंटमागे हॉस्पिटलला कंपनीकडून पैसे मिळतात. यात लपवाछपवी नाही, कामाचा खर्च असतोच. पण तुम्हाला ते माहीत असावं.

काही बिघडलं तर? 2019 च्या नियमांप्रमाणे ट्रायलमध्ये इजा झाली तर तिचा उपचार फुकट करावा लागतो, आणि ट्रायलमुळे मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर भरपाई द्यावी लागते. गंभीर घटना 24 तासांच्या आत वर कळवावी लागते. मात्र आजार आपल्या गतीने वाढला तर त्याची भरपाई नसते. हे आधी सांगितलं नाही की नंतर भांडणं होतात, मी बघितलीत.

आता बाबांकडे येते.

भाऊ, वडील शुद्धीवर आहेत, विचार करू शकतात, तोवर त्यांच्या वतीने तुम्ही सही करू शकत नाही. बेशुद्ध किंवा समजण्याच्या पलीकडे गेलेल्या पेशंटसाठीच नातेवाइकाची सही चालते. लिहिता-वाचता येत नसेल तर त्रयस्थ साक्षीदार बसतो, पण अंगठा पेशंटचाच. काही ट्रायलमध्ये तर संमतीचं व्हिडिओ रेकॉर्डिंग होतं. आणि त्या कागदावर आजाराचं नाव पहिल्याच पानावर असतं. म्हणजे ट्रायल घ्यायची तर सांगावं लागेल, याला पर्याय नाही. जे हॉस्पिटल म्हणेल "तुम्ही काळजी करू नका, आम्ही त्यांना न सांगता सही घेऊ", तिथे ट्रायल घेऊ नका. बाकी सगळं चांगलं असलं तरी.

हे मी सोवळेपणाने सांगत नाही. नोकरीच्या पहिल्या दोन वर्षांत मी स्वतः हेच केलंय. चोवीस पानांचा कागद वीस मिनिटांत वाचून दाखवायचा आणि "मावशी, इथे अंगठा" म्हणायचं. हॉस्पिटलात घाई असायची, वरून महिन्याचा आकडा विचारायचे. एकदा कळंबकडच्या एका बाईंना सहज विचारलं, काय समजलं सांगा. त्या म्हणाल्या, "वेळेवर यायचं, एवढं समजलं. बाकी डॉक्टरसाहेब देवमाणूस हायेत." अंगठा घेऊन झाला होता. तो कागद मी बाजूला ठेवला, डॉक्टरांना सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी सगळं पहिल्यापासून सुरू केलं. त्यात तासभर गेला. ऐकून झाल्यावर त्या बाईंनी ट्रायल घ्यायची नाही असं ठरवलं. दर पंधरा दिवसांनी सुया नकोत म्हणाल्या. त्यांचं बरोबर होतं की चूक, मला ठाऊक नाही, पण ठरवलं त्यांनीच. पुढे मी प्रत्येकाला "आता तुम्ही मला सांगा" हे विचारूनच पेन पुढे करायची.

आणि तुम्हाला वाटतं तेवढं वडिलांना अंधारात ठेवलेलं नसणार. पाथरीकडचे एक शेतकरी होते. तीन मुलं, तिघंही मला दाराबाहेर गाठून सांगत होते, अण्णांना कळलं तर ते हाय खातील. मी आत गेले तर अण्णा म्हणाले, "मला ठावंय की. शेकाच्या खोलीबाहेर सगळे त्याचेच पेशंट बसायचे. लेकरं सांगंनात, म्हणून म्या बी विचारलं नाही." म्हणजे बाप लेकरांना सांभाळत होता आणि लेकरं बापाला. त्या दिवशी चौघं एकत्र रडले, नंतर चहा प्याले, आणि मग अण्णांनी ट्रायलबद्दल असले प्रश्न विचारले की डॉक्टरांनाही एक-दोनदा फाईल उघडावी लागली. तुमचे वडीलही शेतकरी असतील तर नवं बियाणं आधी एका तुकड्यावर लावून बघण्याची अक्कल त्यांना शिकवायला नको. ट्रायल समजायला तेवढी पुरते.

कसं सांगायचं? एकाच बैठकीत सगळं नको. आधी विचारा, "बाबा, तुम्हाला या गाठीचं काय वाटतं?" आणि गप्प बसा. ते जिथवर येतील तिथवर जा. नाव त्यांनी घेतलं तर नाकारू नका. जमत नसेल तर संभाजीनगरच्या डॉक्टरांना सांगायला लावा, पण तुम्ही खोलीत असा. आणि चुलत्यांना सोबत न्याच. विरोध करणारा माणूस समोर बसलेला असला की डॉक्टर जास्त नीट समजावून सांगतात, हा माझा अनुभव आहे.

संमतीचा कागद घरी न्यायला मागा. तो तुमचा हक्क आहे. दोन दिवस घ्या. "आजच सही करा" असं कुणी म्हणत असेल तर कारण विचारा. सही झाल्यावर एक प्रत तुमची. नंतर कधीही, कारण न सांगता, बाहेर पडता येतं आणि त्यामुळे बाकीचा उपचार थांबवता येत नाही. फक्त फोन बंद करून गायब होऊ नका. या नव्या औषधांचे काही त्रास औषध थांबवल्यावर महिन्यांनी उमटतात.

दोन गोष्टी घरच्या बाजूने. पेशंटला एक कार्ड मिळतं, त्यावर रात्रीही लागणारा फोन नंबर असतो. ते कार्ड खिशात हवं. रात्री दोनला ताप भरला तर जिंतूरचे डॉक्टर काय करतील? त्यांना त्या औषधाचं नावही ऐकून ठाऊक नसणार. त्यांनी कार्डावर फोन लावावा, मग सलाईन. ट्रायल सुरू व्हायच्या आधीच एकदा त्या डॉक्टरांना भेटून हे सांगून ठेवा. दुसरं, काढे-चूर्ण. माझ्या एका पेशंटचं लिव्हर अचानक बिघडलं. औषध बंद केलं, सगळीकडे कळवलं, धावपळ झाली. तीन आठवड्यांनी त्यांची सून हळूच म्हणाली, एका बाबांची पुडी चालू होती. रागावले नाही मी, कारण आम्ही कधी विचारलंच नव्हतं नीट. पण त्यांचं चांगलं लागू पडत असलेलं औषध तेवढ्यात गेलं.

हेही लक्षात असू द्या की मुंबईला गेलं म्हणजे ट्रायलमध्ये घेतलंच असं नाही. रक्त, स्कॅन, जुन्या बायोप्सीचा ब्लॉक (मेणात जपून ठेवलेला गाठीचा तुकडा), सगळं तपासतात आणि बरेच जण तिथे गळतात. यात तीन-चार आठवडे जाऊ शकतात. तेवढ्या काळात गाठ वाढली तर काय, हे आधीच विचारून ठेवा, आणि संभाजीनगरच्या उपचाराचं दार उघडं ठेवा. जुना ब्लॉक आणि स्लाइड जाण्याआधीच मागून घ्या, नाहीतर तेवढ्यासाठी एक चक्कर परत होते.

आणि ट्रायल नको, केमोही नको, दुखणं कमी करा आणि घरी राहू द्या, असं वडील म्हणाले तर? तोही एक निर्णय आहे. वेदनेसाठी मॉर्फिनच्या गोळ्या मिळतात, नीट दिल्या तर माणूस जेवतो, झोपतो, बोलतो. ट्रायल घेतली तरी वेदनेचा उपचार सोबत चालू ठेवता येतो, तो आत्तापासूनच मागा.

तुम्ही पेरणीचंही लिहिलंय, मृगाच्या वेळी मुंबईच्या चकरा कशा जमवायच्या म्हणून. को-ऑर्डिनेटरला हे पहिल्याच भेटीत सांगा, लाजू नका. बहुतेक ट्रायलमध्ये तारखेच्या आगे-मागे दोन-तीन दिवसांची सूट असते, आणि ती सूट तुमच्या बाजूने वापरायची की नाही हे बरंचसं त्या टेबलामागच्या बाईवर असतं. मी सोयाबीनच्या पेरण्या पाहून तारखा लावलेल्या आहेत. पहिला डोस मात्र पेरणीसाठी लांबवू नका, वावर भावकीतलं कुणीतरी पेरून देईल.

मुंबईहून एक गोष्ट न विसरता लिहून आणा, ट्रायलचा नोंदणी क्रमांक. आपल्याकडे 15 जून 2009 पासून प्रत्येक ट्रायल सुरू होण्याआधी सरकारी नोंदवहीत चढवावी लागते. क्रमांक सीटीआरआय या अक्षरांनी सुरू होतो, पुढे वर्ष, महिना आणि आकडे. त्यात फेज, दोन्ही गटांना काय देणार, स्पॉन्सर कोण, सगळं उघड लिहिलेलं असतं. क्रमांक द्यायला कुणी टाळाटाळ केली तर तिथूनच माघारी फिरा. मिळाला तर इथे टाका, नोंद इंग्रजीत असते, मी मराठीत सांगते. पण ती वाचायला बसाल तेव्हा बाबांना शेजारी घ्या.